अँपशिवायचा बेस: ठाणे-नवी मुंबईच्या कार्यक्रमांसाठी प्रीअँप आणि टोन

ठाणे ते बेलापूर या पट्ट्यात बेस गिटार वाजवणाऱ्याला स्टेजवर बेस अँप क्वचितच मिळतो. घोडबंदर रोडवरचं लग्नाचं लॉन असो, गडकरी रंगायतनमधला गाण्यांचा कार्यक्रम असो किंवा वाशीतला गरबा, साऊंडवाला वायर हातात देतो आणि ‘डायरेक्ट द्या’ म्हणतो. मग बेसच्या मागे अँप नसतो, १५ इंची स्पीकर नसतो. प्रेक्षकांपर्यंत पोचणारा आवाज तुमची बोटं, तुमच्या तारा आणि पायाशी असलेला प्रीअँप, म्हणजे बेसचा आवाज मिक्सरकडे जाण्याआधी उचलून घडवणारी छोटी पेटी, मिळून घडवतात. त्यापुढचं सगळं दुसऱ्याच्या हातात. म्हणून प्रीअँप विचार करून निवडा आणि घरातून निघण्याआधी त्याला नीट ओळखून घ्या.

पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बेस सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये लावला की आवाज पातळ आणि घोंगडीखाली दबल्यासारखा येतो. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध, तो जितका कमी तितका पिकअपवर भार जास्त) साधारण १० ते २० किलोओहम असतो. तारांखालच्या पिकअपला इतका भार सोसत नाही, वरच्या फ्रीक्वेन्सी तिथेच गळतात. बेसला १ मेगाओहमच्या आसपासचं इनपुट लागतं आणि ते चांगल्या डीआय बॉक्सला (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी पेटी) किंवा प्रीअँपला असतं. बेसपासून पहिल्या पेडलपर्यंतची वायरही ५-६ मीटरपेक्षा लांब ठेवू नका, लांब वायरही वरचा आवाज खाते. प्रीअँपच्या पुढची एक्सएलआर (माइकला असते तशी तीन पिनांची) वायर मात्र ३० मीटर गेली तरी बिघडत नाही.

प्रीअँप घेताना या गोष्टी आधी बघा: एक्सएलआर आऊटपुट, ग्राउंड लिफ्टचं बटण (मिक्सरकडे जाणाऱ्या वायरचं ग्राउंड तोडणारं), मिडचा (मधल्या फ्रीक्वेन्सींचा) स्वतंत्र नॉब आणि मूळ स्वच्छ आवाज मिसळणारा ब्लेंड. मिडचा नॉब नसेल तर विकत घेण्याआधी दहादा विचार करा. टेक २१ चा सॅन्सअँप बेस ड्रायव्हर कित्येक वर्षं स्टेजवर वापरात आहे, पण जुन्या मॉडेलला मिडचा नॉब नव्हता आणि त्याच्या आवाजात मिड मुळातच खाली बसलेला असायचा. दुसऱ्या आवृत्तीत मिड आला, शिवाय तो ५०० हर्ट्झवर ठेवायचा की १००० वर हे ठरवणारं बटणही आलं. मांडवात त्या एका बटणाचा उपयोग इतर सगळ्या नॉबपेक्षा जास्त होतो. बेहरिंगरचा बीडीआय २१ जुन्या सॅन्सअँपच्या धर्तीवरचा, स्वस्त आणि प्लास्टिकच्या पेटीतला. सुरुवातीला चालतो, पण सॉकेट जपून वापरावे लागतात आणि मिडची उणीव राहतेच. एमएक्सआरच्या एम८० ला स्वच्छ आणि डिस्टॉर्शन असे दोन वेगळे चॅनल आहेत, मिडचा नॉब आहे आणि तो फँटम पॉवरवरही (मिक्सरकडून एक्सएलआर वायरीतून येणाऱ्या ४८ व्होल्टवर) चालतो. फिनलंडच्या डार्कग्लास कंपनीचे प्रीअँप रॉक आणि मेटलसाठी उत्तम. फक्त जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवायची असतील तर तेवढे पैसे घालू नका. त्यातले निम्मे नवीन तारांवर आणि उरलेले चांगल्या वायरवर खर्च केले तर फरक जास्त ऐकू येईल.

ड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटका करणं) वापरणार असाल तर प्रीअँपमध्ये स्पीकर सिम्युलेशन, म्हणजे बेस कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल, आहे का ते बघा. बेसचा कॅबिनेट साधारण ४-५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज बराच दाबतो. पीए (प्रेक्षकांसाठी लावलेला) स्पीकर दाबत नाही, त्यामुळे सिम्युलेशनशिवाय दिलेला ड्राइव्ह कानाशी माशी भणभणावी तसा ऐकू येतो.

टोन लावायचा क्रम

आधी बेसवरचे नॉब. पॅसिव्ह बेसचा व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) बेस असेल तर त्याचे बेस, मिड, ट्रेबल हे तिन्ही नॉब मधल्या खाचेत ठेवा. बेसवरही लो वाढवलेला आणि पेडलवरही लो वाढवलेला, ही या पट्ट्यात सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. असा बेस खोलीत भरदार वाटतो, मांडवात मात्र नुसता गुरगुरतो, सूर कळत नाही.

आता गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती उचलायचा ते. ज्या गाण्यात सगळ्यात जोरात मारता ते वाजवा, क्लिपचा (सिग्नल फाटू लागल्याचा) दिवा लुकलुकेपर्यंत गेन चढवा आणि मग थोडा मागे घ्या. दिवा नसेल तर स्वच्छ आवाजात करकर यायला लागते तिथून मागे या. इक्यू (लो-मिड-ट्रेबलचे नॉब) सपाट ठेवून गाण्यासोबत वाजवा. एकट्याने वाजवून टोन ठरवू नका. एकटा वाजताना छान वाटणारा टोन बहुतेक वेळा मिड खाली आणि लो-ट्रेबल वर असा असतो आणि बँड सुरू झाला की नेमका तोच नाहीसा होतो.

सुटी ई तार (सगळ्यात जाड) ४१ हर्ट्झला वाजते, पण बऱ्याच मॉनिटरना (वाजवणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेले स्पीकर) आणि छोट्या पीए स्पीकरना ४१ हर्ट्झ धड येतच नाहीत. कान ८२ आणि १२३ हर्ट्झच्या हार्मोनिकवरून (मूळ सुरासोबत वाजणारे दुप्पट, तिप्पट सूर) सूर ओळखतो. म्हणून लो वाढवून काही मिळत नाही, फक्त स्पीकरचा श्वास संपतो. ३० ते ४० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने कापा, प्रीअँपवर सोय नसेल तर साऊंडवाल्याला सांगा. चिखल २०० ते ३०० हर्ट्झमध्ये असतो, तिथून ३ डेसिबल काढले तरी गाणं मोकळं होतं. बोटाचा ठोका आणि सुराची कड ७०० ते १००० हर्ट्झमध्ये असते. गर्दीत हरवत असाल तर इथे वाढवा, ३-४ डेसिबल पुरतात. २-३ किलोहर्ट्झला तारेची खरखर आणि स्लॅपची (अंगठ्याने तार आपटून वाजवण्याची) चटक असते, साध्या गाण्यांना ती फारशी लागत नाही.

मॉनिटरमध्ये तर लो मागूच नका. स्टेजवरचा १२ इंची मॉनिटर फारसा लो देऊ शकत नाही, दिलाच तर गायकाच्या माइकमध्ये शिरतो. ‘मला ८०० च्या आसपास थोडं वाढवून द्या’ असं सांगितलं तर साऊंडवाल्याला लगेच कळतं आणि तुम्हालाही सूर सापडतो.

कॉम्प्रेसर (जोराचे ठोके दाबून आवाज सारखा ठेवणारा) असेल तर रेशो (दाबाचं प्रमाण) ४:१, अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) ३० ते ५० मिलिसेकंद आणि जोरात मारल्यावर ४ ते ६ डेसिबल घट, इतकंच. अटॅक फार जलद केला तर बोटाचा ठोका मरतो आणि बेस मऊ पडतो.

बाकीच्या वाद्यांमध्ये जागा

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात बेसची खरी गाठ कीबोर्डशी पडते. अरेंजर कीबोर्डच्या स्टाइलमध्ये (आपोआप वाजणाऱ्या साथीत) तयार बेस ट्रॅक असतो. तो चालू राहिला तर दोन बेस एकमेकांवर वाजतात आणि कुठलाच स्वच्छ ऐकू येत नाही. साऊंड चेकच्या आधीच कीबोर्डवाल्या दादांना स्टाइलमधला बेसचा पार्ट म्यूट करायला सांगा. डावा हात खालच्या दोन सप्तकांत जड कॉर्ड धरत असेल तर एक सप्तक वर घ्यायची विनंती करा. गोड बोलून सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात, कारण त्यांचाही आवाज स्वच्छ होतो.

ढोलकी, ऑक्टोपॅडची किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि बेस, तिघांनाही ६० ते १०० हर्ट्झची जागा हवी असते. लावणी किंवा कोळीगीत असेल तर ढोलकीची धूम बाजू खालची जागा भरून काढते. तिथे बेसचा लो किंचित कमी करा, सूर छोटे सोडा, दोन सुरांमध्ये डाव्या हाताने तार दाबून शांतता ठेवा. गरब्यात किक सलग वाजते, तिथेही लांबलेला सूर म्हणजे चिखल.

वीज, हम आणि झटका

हे घाईत वाचू नका. लॉनवर वीज जनरेटरवरून येते आणि अर्थिंग कसं असेल सांगता येत नाही. बेस वाजवता वाजवता गाणाऱ्याला धोका जास्त, कारण हात तारांवर आणि ओठ माइकवर असतात. दोघांचं अर्थ वेगळ्या ठिकाणाहून आलं असेल तर झटका बसतो. दोनेकशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर बॅगेत ठेवा. तो एसी व्होल्टवर, ७५० किंवा ६०० च्या रेंजला ठेवा. सगळं चालू असताना एक टोक बेसच्या ब्रिजला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. टोकं फक्त प्लास्टिकच्या भागाला धरा. आकडा शून्याजवळ हवा. काही व्होल्टच्या वर दिसला तर तोंड माइकजवळ नेऊ नका, साऊंडवाल्याला आणि जनरेटरवाल्याला बोलवा आणि दुरुस्त होईपर्यंत सुरुवात करू नका. हम (स्पीकरमधली सलग गुणगुण) घालवायला कोणी प्लगची अर्थिंगची पिन काढत असेल तर ठाम नाही म्हणा. त्या पिनेवर जीव अवलंबून असतो. हमसाठी ग्राउंड लिफ्टचं बटण आहे.

हम आला तर आधी बेसचा व्हॉल्यूम बंद करा. हम गेला तर दोष पिकअपकडे आहे. जाझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की दोन सिंगल-कॉइल पिकअप एकमेकांचा हम मारतात, एक कमी केला की तो परत येतो. एलईडी वॉल आणि लाइटचे डिमर जवळ असतील तर थोडं वळून उभे राहा, कोनाप्रमाणे आवाज बदलतो. व्हॉल्यूम बंद करूनही हम राहिला तर वायर किंवा ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जाऊन होणारा दोष) समजा आणि ग्राउंड लिफ्ट दाबा. आपल्या विजेचा हम ५० हर्ट्झचा, आणि ई तारेवरच्या तिसऱ्या पट्टीचा (फ्रेटचा) जी ४९ हर्ट्झचा. जी स्केलच्या गाण्यात हा हम सुराखाली लपतो आणि सूर बेसूर वाटायला लागतो, तेव्हा गाणं सुरू होण्याआधीच तपासा.

पेडलला बहुधा ९ व्होल्ट डीसी, मधली पिन निगेटिव्ह, असा अ‍ॅडॉप्टर लागतो. व्होल्ट जुळायलाच हवेत, मिलिअँपिअर जास्त असले तर चालतात, कमी असले तर नाही. स्टेजवर पडलेला कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर तशाच पिनेचा दिसतो, पण तो बऱ्याचदा १२ व्होल्टचा आणि मधली पिन पॉझिटिव्ह असलेला असतो. घाईत तो लावला की पेडल कायमचं जाऊ शकतं. तुमच्या अ‍ॅडॉप्टरला रंगीत टेप लावून ठेवा.

ॲक्टिव्ह बेसची बॅटरी सॉकेटमध्ये जॅक घातला की चालू होते, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी. सॉकेट स्टीरिओ असतो, साधा मोनो जॅक त्याचे दोन संपर्क जोडतो आणि बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. त्यामुळे वाजवून झाल्यावर बेसच्या टोकाची वायर काढा. नवीन ९ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर ९.४-९.५ दाखवते. ८ च्या खाली गेली की बदला. संपत आलेली बॅटरी आधी जोराच्या ठोक्यात करकर करते, मग आवाज बारीक होतो, म्हणून मध्यंतरात कधीही लागेल अशी एक बॅटरी खिशात असू द्या. वायर काढताना-लावताना साऊंडवाल्याला फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) खाली घ्यायला सांगा. प्रीअँप फँटम पॉवर घेत नसेल तर त्या चॅनलचा ४८ व्होल्टचा स्विच बंद आहे ना, हेही विचारा.

खाडीची हवा

ठाणे आणि वाशीला खाडीची दमट हवा असते, पावसाळ्यात तर निकलच्या तारा काही आठवड्यांतच काळ्या पडतात. वाजवून झाल्यावर सुक्या सुती कापडाने तार खालून आणि वरून पुसा, बोटाच्या घामाने गंज धरतो. बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला. मऊ, जुन्या वळणाचा टोन हवा असेल तर फ्लॅटवूंड (चपट्या वेढ्याच्या, गुळगुळीत) तारा लावा, त्या घामाला जास्त टिकतात. एसी हॉलमधून उघड्या लॉनवर गेलात की बेस १५-२० मिनिटं बॅगेतच राहू द्या, मग सूर लावा. लगेच काढला तर बेसच्या गळ्यावर (नेकवर) आणि तारांवर दव धरतं, सूरही सरकत राहतो. पावसाळ्यात गळा फुगून बाक बदलतो. ई तार पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर दाबून सातव्या-आठव्या पट्टीपाशी फट बघा. साधारण ०.३ मिलिमीटर असली की ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (गळ्यातली बाक सांभाळणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा आणि काही तास थांबून पुन्हा मोजा.

जाण्यायेण्याचं आणि पैशांचं

ठाण्याहून वाशी-बेलापूरला ट्रान्स-हार्बरने जाताना बेस पाठीवर न घेता पुढे धरा. दारातल्या गर्दीत हेडस्टॉक (बेसचं वरचं टोक) खांबाला आपटतो आणि ट्यूनर (तारांच्या खुंट्या) वाकतात. परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा. रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आणि नवरात्रीचे काही दिवस त्यात येतात. तारीख स्वीकारताना किती तास वाजवायचं, जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, आगाऊ रक्कम किती, हे चारही मुद्दे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. कंपनीचा कार्यक्रम असेल तर टीडीएस कापला जाऊ शकतो. पॅन आधीच द्या आणि नंतर आयकराच्या पोर्टलवर तो जमा झालाय का ते बघा.

निघण्याच्या आदल्या रात्री प्रीअँपच्या पेटीवर मास्किंग टेप लावून प्रत्येक नॉबची जागा पेनाने आखून ठेवा. कार्यक्रमात कोणाचा पाय लागून नॉब फिरला तरी दोन गाण्यांच्या मधल्या दहा सेकंदांत टोन परत जागेवर आणता येतो.