टाचण लिहिताना आधी शेवटची पाच मिनिटं

बी.एड. किंवा डी.एल.एड. करून नव्यानं वर्गावर जाणारे हमखास विचारतात, टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, कसं लिहायचं? माझ्या मते उलटीकडून. तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत मुलांना कोणता प्रश्न चिठ्ठीवर सोडवायला देणार, तो सगळ्यात आधी लिहायचा. प्रस्तावना, हेतुकथन, शैक्षणिक साधनं हे नंतर. तपासणीच्या वहीत रकाने ज्या क्रमानं छापलेत तसेच भरा, त्यावरून मुख्याध्यापकांशी हुज्जत घालू नका. डोक्यातला क्रम मात्र हा ठेवा.

सहावीचे दशांश अपूर्णांक घ्या. ०.४, ०.३५ आणि ०.१२७ यांतली मोठी संख्या कोणती? काही मुलं ०.१२७ म्हणतात, कारण त्यांना १२७ दिसतात. ही चूक लगेच सापडते. खरी गोची ०.४ म्हणणाऱ्यांत असते. त्यातल्या काहींचा हिशेब असा की हजारांश म्हणजे बारीक तुकडे, म्हणून जितके अंक कमी तितकी संख्या मोठी. उत्तर बरोबर, कारण चूक, आणि आपण शाबासकी देऊन मोकळे. म्हणून लगेच दुसरा प्रश्न: ०.३ मोठी की ०.४८? आता हीच मुलं ०.३ म्हणतील. गंमत म्हणजे मघाशी १२७ पाहून चुकलेली मुलं इथं बरोबर येतात. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की कोणाला काय शिकवायचं ते कळतं. एकाच प्रश्नावर भरवसा ठेवून पुढच्या घटकाकडे जाऊ नका.

हे दोन प्रश्न हातात असले की मधला पाठ आपोआप ठरतो. मी रुपये-पैशांचं उदाहरण इथं टाळते. पैशात दोनच अंक असतात, त्यामुळे ०.१२७ कडे जायचा रस्ताच बंद होतो. त्यापेक्षा मीटरची मोजपट्टी बरी, सेंटीमीटरचे दहा भाग, म्हणजेच मीटरचे हजारांश, डोळ्यांना दिसतात. आणि मोठ्यानं वाचताना ‘पॉइंट पस्तीस’ नाही, ‘पॉइंट तीन पाच’. पस्तीस म्हटलं की मूल ते चारापेक्षा मोठं मानणारच.

‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वर्ग ‘हो मॅडम’ म्हणून कोरस देतो. त्यातून काहीच कळत नाही. प्रश्न आधी विचारा, थांबा, नाव नंतर घ्या. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७०च्या दशकात दाखवलं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात; तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण साठ मुलांसमोर गप्प उभं राहून बघा! मागच्या बाकावरून ‘मॅडम, समजून नाही राहिलं’ असं कोणी म्हणालं, तर त्याला गप्प करू नका. वर्गातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे.

वार्षिक नियोजन करताना पुण्यातल्या मैत्रिणीचा तक्ता उतरवू नका. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे सुरुवातीचे दिवस आपल्याकडे मुळातच कमी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक आणि मुलांचा तान्हा पोळा असतो; त्याच्या आगेमागे नवी संकल्पना काढलीत तर अर्ध्या वर्गाला ती पुन्हा शिकवावी लागते. ते दिवस सरावाला ठेवा. मार्चनंतर दुपारच्या तासाला पंख्याखाली पेंगणाऱ्या मुलांना भूमिती शिकवण्यातही अर्थ नाही. अवघड ते सकाळी घ्यायचं.

मूल्यमापनाचं कागदी काम पुष्कळ आहे. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक (शिकता शिकता होणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) असे दोन भाग झाले. सहावीला त्यांचा भार ५०-५०. आकारिकची साधनं आठ: निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. सगळी एकाच घटकात कोंबायची गरज नसते. घोळ होतो तो वर्णनात्मक नोंदीत. सत्राच्या शेवटी एका बैठकीत सगळ्यांसमोर ‘प्रगती समाधानकारक’ लिहिलेल्या वह्या प्रत्येक शाळेत सापडतील. त्याऐवजी ‘हजारांश वाचते, पण तुलना करताना अंक मोजते’ असं लिहा. रोज चार-पाच मुलांची नोंद, तीही तास संपल्या संपल्या. शेवटच्या पाच मिनिटांच्या चिठ्ठ्या जवळ असल्या तर हे काम फार नाही. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: जमलं, अर्धवट, नाही. गुण देऊ नका. तिसरा गठ्ठा जाड असेल तर दुसऱ्या दिवशीचं टाचण बदलायचं. पातळ असेल तर त्या मुलांना परिपाठानंतर दहा मिनिटं मोजपट्टी घेऊन बसवायचं.