तत्त्वज्ञानात संशोधन करताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा विद्यार्थी तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायला निघतो तेव्हा तो तीन भाषांतून वाट काढत असतो. विचार मराठीत, भोवतालचा कारभार कन्नडमध्ये आणि प्रबंध बहुतेक वेळा इंग्रजीत. हे मोठे भांडवल आहे. पण सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) परत येतो त्यामागेही पुष्कळदा हेच असते. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना युक्तिवादाचा एखादा सांधा निखळतो आणि तो लिहिणाऱ्याला दिसत नाही, परीक्षकाला मात्र पहिल्या वाचनात दिसतो.

‘एक अभ्यास’ हे शीर्षक

‘गुरुदेव रानडे यांचे तत्त्वज्ञान : एक अभ्यास’. तत्त्वज्ञ गुरुदेव रानडे यांचे मंदिर हिंदवाडीत आहे, त्या बेळगावात हा विषय सुचणे साहजिक आहे, आणि रानडे त्या योग्यतेचे आहेतच. अडचण ‘एक अभ्यास’मध्ये आहे. त्यातून तुम्ही काय सिद्ध करणार हे कळत नाही. मग पहिले प्रकरण चरित्र, दुसरे ग्रंथपरिचय, तिसरे सारांश असा प्रबंध तयार होतो. त्यात माहिती भरपूर असते, प्रतिपादन नसते.

उपाय असा. तुमचे म्हणणे तीस शब्दांच्या आत एका वाक्यात लिहा, वाक्यात ‘कारण’ हा शब्द आला पाहिजे. त्याखाली ‘हे कोण नाकारील?’ असे लिहून एक खरे नाव भरा. नाव सुचत नसेल तर विषय अजून मिळालेला नाही.

रानड्यांचेच उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या संतांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली आला. वेगवेगळ्या देशांतल्या आणि काळांतल्या साक्षात्कारी पुरुषांचा अनुभव मुळात एकच, ही त्यांची भूमिका. याच्या थेट विरोधात १९७८ साली स्टीव्हन कॅट्झ यांनी मांडले की परंपरेच्या संकल्पनांतून न गेलेला असा शुद्ध अनुभव नसतोच. ज्यू गूढवाद्याचा अनुभव आणि बौद्ध साधकाचा अनुभव हे वेगळेच अनुभव आहेत. आता प्रश्न उभा राहतो: कॅट्झना उत्तर देता येईल असे रानड्यांच्या मांडणीत काही आहे का? याचे उत्तर ‘आहे’ असो वा ‘नाही’, प्रबंध उभा राहतो.

‘ज्ञान’ म्हणजे नॉलेज, असे धरून चालणे

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते, म्हणून इथे जरा थांबावे लागेल.

एडमंड गेटिए यांनी १९६३ साली जेमतेम तीन पानांच्या लेखात दाखवले की एखादी समजूत खरी आहे आणि तिला सबळ आधारही आहे, तरी ते ज्ञान नसू शकते. हे वाचून अनेकांना आठव्या शतकातला बौद्ध तत्त्वज्ञ धर्मोत्तर आणि त्याचे उदाहरण आठवते. नुकताच विस्तव पेटवलेला आहे, धूर अजून झालेला नाही, पण वर जमलेल्या किड्यांचा थवा दुरून धुरासारखा दिसतो आणि पाहणारा म्हणतो, ‘तिथे आग आहे.’ आग खरोखरच आहे. ‘म्हणजे गेटिए आमच्याकडे बाराशे वर्षे आधीच होता’ असा निष्कर्ष काढून शोधनिबंध संपतो.

तो तिथे सुरू व्हायला हवा. न्यायदर्शनाच्या परिभाषेत ‘ज्ञान’ खोटेही असू शकते. त्या दर्शनाचा प्राथमिक ग्रंथ तर्कसंग्रह उघडून पाहा: बुद्धी म्हणजेच ज्ञान, तिचे स्मृती आणि अनुभव हे दोन प्रकार, आणि अनुभव यथार्थ किंवा अयथार्थ. शिंपल्यात चांदी दिसणे हेही ज्ञानच, फक्त अयथार्थ. इंग्रजीतले ‘नॉलेज’ खोटे असूच शकत नाही. त्याच्या जवळ जाणारा शब्द ‘प्रमा’ (यथार्थ अनुभव), पण तोही तंतोतंत बसत नाही, कारण नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे विचारवंत, स्मृतीला प्रमेत धरत नाहीत. काल पाहिलेले आज आठवणे हे इंग्रजी वापरात सरळ ‘नॉलेज’ आहे. शिवाय प्रमा ही घडणारी घटना आहे, तर गेटिए ज्या समजुतीबद्दल बोलतात ती मनात टिकून राहणारी अवस्था. आणि प्रमाण म्हणजे समजुतीच्या समर्थनार्थ दिलेला आधार नव्हे. प्रमाण हे प्रमेचे करण, ती ज्यातून उपजते ते साधन. म्हणून न्यायदर्शनाची तुलना करायची तर ती गेटिएपेक्षा ॲल्विन गोल्डमन यांच्या १९६७ आणि १९७९ च्या लेखांशी अधिक जुळते. समजूत कशी निर्माण झाली, तो मार्ग भरवशाचा होता का, हे तिथे विचारले जाते.

प्रबंध सुरू करण्याआधी शब्दांचा एक तक्ता करा. चार रकाने पुरतात: मूळ शब्द, मराठी पर्याय, ज्या उदाहरणात दोन्ही जुळतात ते, आणि ज्यात फसतात ते. चौथा रकाना रिकामा राहिला तर शोध अपुरा आहे असे समजा. ‘द्रव्य’ आणि ‘सब्स्टन्स’ ही जोडी घालून पाहा. वैशेषिक दर्शनाच्या नऊ द्रव्यांत काल आणि दिशाही आहेत, हे लगेच टोचेल. ‘आवश्यक’ हा शब्द तर दोन कामांना वापरला जातो. ‘लागणारे’ हा अर्थ हवा असेल तिथे तो ठेवा, ‘अन्यथा असूच शकत नाही’ या अर्थी ‘अनिवार्य’ लिहा.

इतिहास सांगून हक्क सिद्ध झाला असे मानणे

सीमाभागातल्या भाषिक हक्कांवर नीतिशास्त्राच्या अंगाने लिहायची इच्छा इथल्या मुलांना होते. जरूर लिहावे, हा विषय इतक्या जवळून दुसरे कोण लिहिणार? पण बहुतेक मसुद्यांत १९५६ ची राज्यपुनर्रचना, सीमावादावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, महाराष्ट्राचा २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयीचे संविधानातले कलम ३५०अ एवढे येते, आणि पुढच्याच ओळीत ‘म्हणून हा अन्याय आहे’. ‘आहे’ वरून ‘असायला हवे’ वर उडी पडली. मधले नैतिक आधारविधान कुठेच लिहिलेले नाही. कलम काय सांगते हा कायद्याचा मुद्दा. ते कलम असायलाच हवे होते का, हा नीतिशास्त्राचा.

ते विधान शोधायला विद्यार्थी राजकीय तत्त्वज्ञ विल किमलिका यांच्याकडे जातात, तेही बरोबर. १९९५ च्या पुस्तकात ते म्हणतात की माणसाला अर्थपूर्ण निवड करायला त्याच्या भाषेतली, शाळेपासून कामापर्यंत पसरलेली सामाजिक संस्कृती लागते, म्हणून अल्पसंख्याकांना हक्क. हे उचलून बेळगावला लावले की परीक्षक दोन प्रश्न विचारणारच. किमलिका राष्ट्रीय अल्पसंख्याक आणि स्थलांतरित गट यांत भेद करतात. बेळगावचा मराठी भाषक यांपैकी कोण? राज्याची सीमा त्याच्यावरून सरकली, तो सरकला नाही, म्हणजे स्थलांतरित तर नक्कीच नव्हे. पण मग दुसरा प्रश्न जास्त अवघड: मराठीची भरभक्कम सामाजिक संस्कृती महाराष्ट्राच्या सीमेवरच्या शिनोळीपलीकडे लगेच सुरू होते, तर संस्कृती हरवण्याचा युक्तिवाद इथे कितपत चालतो? उत्तर देता येते, पण ते लिहावे लागते.

फिलिप व्हॅन पराइज यांचा भाषिक न्यायावरचा २०११ चा ग्रंथ टाळू नका. ठरावीक प्रदेशात एका भाषेला प्राधान्य देण्याचे ते समर्थन करतात, आणि त्याच तत्त्वावर कर्नाटकाला कन्नडचा आग्रह धरता येतो. हा पूर्वपक्ष (विरोधी बाजू) तुम्हीच पूर्ण ताकदीने, किमान दोन पाने, मांडा. मग तत्त्वाची परीक्षा घ्या: जे बेळगावच्या मराठी भाषकासाठी मागता, तेच महाराष्ट्रातल्या अक्कलकोट आणि जतच्या कन्नड भाषकाला देता का? देत नसाल तर फरक कशामुळे, तो भाषेच्या नावाशिवाय सांगता आला पाहिजे.

याच विषयात मिरांडा फ्रिकर यांची २००७ ची संकल्पनाही सैल हाताने वापरली जाते. अर्ज मराठीत आहे म्हणून कार्यालयाने तो परत केला, की त्याला ‘साक्षीचा अन्याय’ म्हणून मोकळे होतात. फ्रिकर यांच्या लेखी तो होतो तेव्हा ऐकणारा बोलणाऱ्याच्या ओळखीविषयीच्या पूर्वग्रहामुळे त्याच्यावर कमी विश्वास ठेवतो. नियमावर बोट ठेवून परत केलेल्या अर्जात विश्वासाचा प्रश्नच आलेला नाही. तो अन्याय असेल, पण वेगळ्या जातीचा. तक्रारदाराचे म्हणणे ‘हे लोक असेच बोलतात’ म्हणून बाजूला सारले, तर ते फ्रिकर यांचे उदाहरण.

शक्य जगे

सत्तामीमांसेत, म्हणजे काय अस्तित्वात आहे याच्या विचारात, डेव्हिड लुईस (१९८६) यांची शक्य जगे आपल्या जगाइतकीच खरी आहेत; सॉल क्रिप्की यांच्यासाठी ती केवळ ‘गोष्टी कशा असू शकल्या असत्या’ याची मांडणी. दोघांना एका वाक्यात गुंफू नका, आणि विश्वशास्त्रातली समांतर विश्वे तर मुळीच आणू नका.

वाचनाचा क्रम आणि नोंदी

थेट मूळ ग्रंथ उघडून दोनशे पानांवर अडकू नका. आधी स्टॅनफर्डच्या मोफत तत्त्वज्ञान-विश्वकोशातली संबंधित नोंद, तिच्या ग्रंथसूचीतून पाच लेख, मग फिलपेपर्सवर (तत्त्वज्ञानातल्या लेखांची ऑनलाइन सूची) त्या लेखांना उत्तर देणारे अलीकडचे लेख. प्रत्येक लेखातली आधारविधाने क्रमांक घालून अर्ध्या पानात उतरवा आणि कोणत्या क्रमांकाशी तुमचे पटत नाही ते लिहा.

नोंदवहीत लेखकाचे वाक्य अवतरणचिन्हांत, तुमचे वाक्य वेगळ्या शाईत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीसला प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो. चाळीस ते साठला सुधारित प्रबंध देण्यावर वर्षभर बंदी. साठच्या वर नोंदणीच रद्द. इंग्रजी लेख मराठीत किंवा कन्नडमध्ये उतरवला तर सॉफ्टवेअरला तो सापडणार नाही, पण ती चोरीच आहे, आणि तोंडी परीक्षेत मूळ लेख वाचलेला परीक्षक समोर बसलेला असू शकतो. भाषांतरित मजकुराला मूळ पानाचा क्रमांक त्याच दिवशी लावून ठेवा. सहा महिन्यांनी तो शोधायला दुप्पट वेळ जातो.