स्टील मेस विकत घेण्याआधी हे वाचा: माणग्याच्या काठीची गदा घरीच कशी करायची

आजकाल जिमवाल्या रील्समध्ये लांब दांड्याला लोखंडी गोळा लावलेला जो स्टील मेस दिसतो ना, ती आपल्या तालमीतली गदाच आहे, फक्त दगड आणि बांबू जाऊन लोखंड आलं. अमेरिकेत जेक शॅननसारख्या प्रशिक्षकांनी २००० नंतर ती मेसबेल म्हणून चालवली. मुद्गल, म्हणजे तालमीत फिरवायचे ते लाकडी सोटे, तर त्याच्या कितीतरी आधी परदेशात गेले, इंग्रज लष्करातल्या लोकांनी इथे बघितले, उचलले आणि तिकडे इंडियन क्लब्ज झाले, १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये सिम किहोनं त्यावर पुस्तक छापलं, आणि १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची चक्क स्पर्धा होती. पण म्हणून जिममधलं सगळंच आपलं असं नाही हां, केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा, रशियातलं, तिथे बाजारात धान्य तोलायची वजनं होती ती, पूड या रशियन मापात, एक पूड म्हणजे १६ किलोच्या जरा वर.

आता कामाचं. दांड्याला माणगा (बांबूचीच एक जात) घ्या, सिंधुदुर्गात कुणाच्याही परड्यात मिळेल, जवळपास भरीव असतो म्हणून पोकळ बांबूसारखा चिरत नाही. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला बघा, वहाळात काही दिवस भिजवून सावलीत वाळवला की भुंगा कमी लागतो. लांबी साधारण सव्वातीन फूट, जाडी मुठीत नीट बसेल एवढी.

गोळ्यासाठी जांभ्याचा चिरा नको, जांभा सच्छिद्र असतो आणि आपटला की कडा झडतात. सिमेंटच ओता. साच्याला पोरांचा प्लास्टिकचा बॉल चालतो, १६ सेंटीमीटर व्यासाचा भरला तर साधारण पाच किलो होतो, सुरुवातीला तेवढं बास. फुटबॉल घेऊ नका, मोठ्या साइजचा भरला तर १२-१३ किलोवर जातो आणि मग ती गदा फक्त फोटोपुरती उरते. दांड्याचं जे टोक आत जाणार त्याला डांबर किंवा ऑइलपेंट लावा, नाहीतर बांबू ओल्या सिमेंटचं पाणी पिऊन फुगतो आणि नंतर सुकून सैल होतो. त्याच टोकातून स्टेनलेसचे दोन बोल्ट आडवे आरपार घाला, हे अजिबात टाळू नका, गोळा निसटला तर शेजाऱ्याच्या कौलांवर जाईल. एक भाग सिमेंट, दोन वाळू, दोन बारीक खडी. वाळू समुद्राची नको, तिच्यातलं मीठ बोल्ट खातं. दांडा सरळ उभा बांधून ठेवा, दुसऱ्या दिवसापासून ओलं गोणपाट गुंडाळून निदान आठवडाभर पाणी मारत राहा, आणि २८ दिवस तरी फिरवू नका.

फिरवताना मोकळ्या खळ्यात, माडाखाली नको (वरून काय पडेल सांगता येत नाही). आधी नुसत्या काठीनं सराव. दोन्ही हात दांड्यावर, गोळा छातीसमोर वर, मग एका खांद्यावरून मागे सोडा, पाठीमागे लंबकासारखा झुलू द्या आणि दुसऱ्या खांद्यावरून ओढून पुढे आणा. कोपरं डोक्याजवळ, पोट आवळलेलं, कमरेतून मागे वाकायचं नाही. मागून ओढताना जोर पाठीचा, दंडाचा नाही. पाच किलोच काय एवढं असं वाटेल पण वजन हातापासून जवळपास पाऊण मीटर लांब आहे, तिथेच सगळी मेख आहे, म्हणून जड वाटली तर मूठ गोळ्याकडे सरकवा आणि सवय झाली की हळूहळू टोकाकडे न्या. दोन्ही बाजूंना सारखे फेरे, हातांची जागा बदलून. खांदा आधीच दुखत असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

पावसात पडवीत ठेवा, दांड्याला खोबरेल चोळा, आणि दरवेळी फिरवायच्या आधी गोळा पिळून बघा, जरा जरी हलला तर ती गदा मोडीत आणि नवीन ओता.