लेकाचं कॉलेज वरच्या गटात जातंय, हे नागपुरात बसून कसं समजून घ्यावं

माझा धाकटा अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात पीएचडी करतो. 2023 च्या नोव्हेंबरात त्याचा फोन आला, "बाबा, आमची फुटबॉल टीम वरच्या गटात चालली." नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत मी एकतीस वर्षं खेळ शिकवला, त्यामुळे तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कोणाला हरवून?"

"कोणालाच नाही. बोलावणं आलंय."

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी हीच गोष्ट आधी मनात पक्की करावी. आपल्याकडे जिंकलं की वर. एकेकाळी खालच्या प्लेट गटात खेळणाऱ्या विदर्भानं तीनदा रणजी करंडक आणला, तो मैदानातूनच. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं, म्हणजे हेल्मेट घालून चेंडू हातात धरून पळतात त्या खेळाचं, असं नाही. अॅपॅलेशियन स्टेट या खालच्या गटातल्या कॉलेजनं 2007 मध्ये बलाढ्य मिशिगनला त्यांच्याच मैदानावर 34-32 असं हरवलं. तरी ती खालच्याच गटात राहिली. 2014 मध्ये वरच्या गटातल्या सन बेल्ट कॉन्फरन्सनं, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांच्या मंडळानं, सामावून घेतलं, तेव्हा कुठे वर गेली.

एक वही घ्या. पहिल्या पानावर दोन नावं लिहा: वरचा गट एफबीएस, खालचा एफसीएस. ही वाटणी 1978 ची, ही नावं 2006 पासूनची.

आता मोजणी. एफबीएसमधल्या कॉन्फरन्सला फुटबॉल खेळणारी किमान आठ कॉलेजं लागतात. एफबीएसमधल्या पॅक-12 कॉन्फरन्समध्ये 2024 ला दोनच उरली, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. संख्या भरून काढायला दोन वर्षांची मुदत मिळते. 2026 साठी बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट वगैरे जमवत गेले आणि टेक्सास स्टेट आल्यावर आठ भरले. गोन्झागालाही घेतलं, पण त्यांच्याकडे फुटबॉलच नाही, म्हणून ते या हिशेबात धरायचं नाही. मी पहिल्यांदा धरलं होतं, पेन्सिलनं लिहा.

अख्खी कॉन्फरन्सच वर न्यायची असेल तर गाठ इथेच बसते. बोलावणं एफबीएसमधल्याच कॉन्फरन्सनं द्यावं लागतं. खालची कॉन्फरन्स स्वतःच्याच कॉलेजांना ते कसं देणार? डब्ल्यूएसी आणि एएसयूएन या खालच्या दोन कॉन्फरन्सनी 2023 मध्ये फुटबॉलपुरतं एकत्र येऊन युनायटेड अॅथलेटिक कॉन्फरन्स उभी केली आणि वर जायचा इरादा जाहीर केला. पण जाहीर करणं वेगळं, पोचणं वेगळं. दरम्यान जॅक्सनव्हिल स्टेट, सॅम ह्यूस्टन, केनेसॉ स्टेट ही कॉलेजं एकेक करून एफबीएसमधल्या कॉन्फरन्स यूएसएत गेली. म्हणून बातमी आल्यावर कॉन्फरन्सचं नाव नंतर बघा. आधी कोणतं कॉलेज, कोणी बोलावलं, ते शोधा.

पैशाचं थोडक्यात. वर जायची फी ऑक्टोबर 2023 पर्यंत 5,000 डॉलर होती, ती 50 लाख डॉलर झाली, म्हणजे 40 कोटी रुपयांच्या वर. शिवाय शिष्यवृत्त्या वाढवाव्या लागतात. त्या वेळी फुटबॉलसाठी खालच्या गटात 63 आणि वरच्या गटात 85 अशी मर्यादा होती. गटाची हाव धरून इतर खेळांच्या मुलामुलींच्या तोंडचा घास जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या मुलाला विचारा, पोहण्याची, धावण्याची टीम शाबूत आहे का.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा. 2024 मध्ये डेलावेअरनं 9 सामने जिंकले, 2 हरले, तरी बाद फेरीत नाव नाही. मी चिडून फोन लावला. "बाबा, आमचा संक्रमणकाळ सुरू आहे," तो म्हणाला. दोन वर्षं कॉलेज ना धड इकडचं, ना धड तिकडचं. खालची बाद फेरी बंद, आणि मोसमाच्या शेवटी होणारे वरच्या गटाचे बोल सामनेही नाहीत. पात्र संघ कमी पडले तरच जागा मिळते. जेम्स मॅडिसन हे कॉलेजही 2023 मध्ये अशाच संक्रमणात होतं; त्यांनी 11 सामने जिंकले, तरी त्यांना बोल मिळाला तो अशा रिकाम्या जागेवर. वहीत त्या दोन वर्षांभोवती चौकट आखा. 1 जुलै 2025 ला डेलावेअर कॉन्फरन्स यूएसएत दाखल झालं, ती तारीख मी लाल पेननं लिहिली आहे.

सामना बघायचा तर पूर्व किनाऱ्यावरची शनिवार दुपारची बाराची वेळ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहा. संध्याकाळी साडेसातचा सामना सप्टेंबर-ऑक्टोबरात रविवारी पहाटे पाचला लागतो. मी चहा टाकतो, आवाज बंद ठेवतो. पहिला टचडाउन झाला की लेकाचा मेसेज येतो, "बाबा, जागे आहात ना?"