प्लास्टर निघाल्यावर सुकलेली मांडी पुन्हा कशी भरून आणावी

गुडघा सरळ ठेवणारे प्लास्टर निघाले की मांडी बारीक आणि मऊ झालेली दिसते. आतले तंतू बहुतेक तेवढेच असतात, फक्त प्रत्येक तंतू रोडावलेला असतो. पायावर भार नसला की स्नायूत नवी प्रथिने तयार होण्याचा वेग घटतो आणि जुन्यांची मोडतोड चालूच राहते. पहिले दोन आठवडे सर्वांत वाईट. निरोगी तरुणाच्या मांडीचा आकार तेवढ्यात साधारण ८ टक्क्यांनी घटतो, ताकद मात्र २० टक्क्यांहून जास्त जाते. कारण मेंदूकडून येणारा हुकूमही क्षीण होतो.

भरून येताना क्रम ठरलेला असतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः नसांची असते. मांडीचा घेर ६ ते ८ आठवड्यांनी वाढलेला जाणवतो. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सर्वांत मागे राहते. पाय ‘आता बरा वाटतोय’ म्हणून एकदम वजन वाढवणारे इथेच फसतात, कारण स्नायू ओढायला तयार असतो, पण ती ओढ सोसायला कंडरा अजून तयार नसते.

सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांकडून दोन गोष्टी नक्की करून घ्या: पायावर किती वजन टाकायचे आणि गुडघा किती अंशांपर्यंत वाकवायचा. पुढचे सगळे त्या मर्यादेत.

१. मोजून ठेवा

पाय सरळ, मांडी सैल. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर पेनाने खूण करा आणि तिथला घेर दोन्ही पायांचा मोजा. दर दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी. टेपमध्ये चरबी आणि सूजही मोजली जाते, त्यामुळे खरी घट टेप दाखवतो त्यापेक्षा जास्त असते. म्हणून घेराशेजारी त्या दिवशी किती आवर्तने जमली, म्हणजे व्यायाम सलग किती वेळा झाला, तेही लिहा.

२. आधी सूज उतरवा

गुडघ्यात पाणी साचलेले असेल तर सांध्यातून निघणारे संदेश मांडीच्या स्नायूला मणक्याच्या पातळीवरच दाबून टाकतात. माणूस जीव तोडून प्रयत्न करतो आणि स्नायू आवळतच नाही. हा आळस नव्हे, हे स्नायूला बसलेले कुलूप आहे. पाय उशीवर उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावा. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सूज वाढली असेल तर आदल्या दिवशीचे काम जास्त झाले होते.

३. स्नायू जागा करा

या पायरीला सर्वांत जास्त संयम लागतो आणि लोक तीच उरकून टाकतात. पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूने ती खाली दाबा. बरोबर जमले तर वाटी मांडीकडे सरकताना दिसते. ५ सेकंद धरा, सोडा. १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका.

चूक होते ती अशी: नितंब आवळला जातो किंवा टाच जोरात खाली रेटली जाते, मांडी मात्र सैलच राहते. म्हणून हात मांडीवर ठेवूनच करा. जमत नसेल तर आधी चांगल्या पायाने करा, मग दोन्ही एकदम. तरीही हाताला काही जाणवत नसेल तर फिजिओथेरपिस्ट विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू चालू करून देतात. ते अवश्य करून घ्यावे.

मग उताणे झोपून सरळ पाय २०-३० सेंटिमीटर उचला. उचलताना गुडघा किंचितही वाकला तर मागच्या व्यायामावर परत जा. न वाकता १० चे ३ सेट झाले की पुढे.

सोबत गुडघा वाकवण्यासाठी टाच अंथरुणावरून हळूहळू नितंबाकडे सरकवा. आखडलेल्या स्थितीत राहिलेला स्नायू तंतूच्या टोकाकडचे आकुंचन पावणारे घटक कमी करतो आणि खरोखरच तोकडा होतो. ते घटक रोजच्या हलक्या ताणाने काही आठवड्यांत परत जोडले जातात. एका दिवसात जोर लावून वाकवल्याने फक्त सूज येते.

४. उभे राहा

साधारण ४५ सेंटिमीटर उंच खुर्चीवरून उठा-बसा: ८ ते १२ वेळा, ३ सेट, बसताना ३ सेकंद घ्या. शरीर नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकते. दोन्ही पायांखाली एकेक वजनकाटा ठेवला की ही चोरी लगेच पकडली जाते. त्यानंतर १० सेंटिमीटरची पायरी, मग २०.

५. भार वाढवा

आठवड्यातून २-३ दिवस, मध्ये किमान ४८ तास. एका पायाने लेग प्रेस (बसून पायाने वजन पुढे ढकलण्याचे यंत्र), ८ ते १२ आवर्तने, आणखी दोन-तीन जमली असती अशा ठिकाणी थांबा. दोन सेटच्या मध्ये २-३ मिनिटे विश्रांती. सलग दोन वेळा १२ च्या वर दोन आवर्तने सहज झाली तरच वजन सुमारे ५ टक्के वाढवा. सांधा जड वजन सोसत नसेल तर हलके वजन घ्या, पण स्नायू थकेपर्यंत करा. आकार त्यानेही वाढतो.

रोज शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने, तीन-चार जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

दुखणे ओळखा

व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवणारे, दोन्ही हातांनी दाखवावे लागेल असे पसरट दुखणे नेहमीचे आहे. ते लॅक्टिक ॲसिडमुळे होत नाही. ते ॲसिड तास-दोन तासांत निघून जाते. लांब होता होता भार पेलताना, म्हणजे जिना उतरताना किंवा सावकाश बसताना, तंतूंना सूक्ष्म इजा होते. तेच काम पुन्हा केले की त्रास बराच कमी होतो, म्हणून पहिल्या दिवशी अर्धेच करा.

व्यायाम करतानाच एका बोटाने दाखवता येईल अशी तीव्र कळ आली तर स्नायू फाटला असण्याची शक्यता आहे. तिथेच थांबा. अशा वेळी तंतूंच्या कडेला निजलेल्या उपग्रह पेशी दुरुस्तीला लागतात (१९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी त्यांचे वर्णन केले), आणि शेजारी जखम भरल्याचा व्रणही तयार होत असतो. पहिले काही दिवस ताणू नका, मग न दुखेल इतकी हालचाल सुरू करा. फार काळ पूर्ण विश्रांती घेतली तर नवे तंतू वेडेवाकडे जुळतात.

पोटरी सुजून गरम झाली, दम लागला, किंवा स्नायू भयंकर दुखून लघवी गडद तपकिरी झाली तर व्यायाम सोडून तातडीने रुग्णालय गाठा.

धावण्याचा विचार दुखरा पाय एकट्याने चांगल्या पायाच्या ९० टक्के वजन उचलू लागल्यावर आणि सूज नसेल तरच. तेव्हाही सुरुवात एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे अशी.