चतुर्दशीची ओहोटी धरा: नवी मुंबईतल्या झाकलेल्या नाल्यांचे फोटो

पारसिकच्या डोंगरावरून उतरणारं पाणी ठाणे-बेलापूर रस्त्याखालच्या मोऱ्यांतून पश्चिमेला येतं, मग सेक्टरांच्या पोटातून वाहत धारण तलावात पडतं. आपण त्यांना होल्डिंग पाँड म्हणतो. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये वरून बिजागरीवर टांगलेली झडपं असतात. भरतीला खाडीचं पाणी ती दाबून बंद करतं, ओहोटीला तलावाचं पाणी ती ढकलून उघडतं. झडपेत लाकूड किंवा प्लास्टिक अडकलं की खारं पाणी आत शिरतं, गाळ बसतो आणि त्यात तिवरं रुजतात.

बंद नाल्यात किंवा चेंबरमध्ये उतरायचं नाही, एक पायरीसुद्धा नाही. सांडपाणी कुजून होणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे हवा चांगली झाली, हा समज जीव घेतो. चांगला फोटो तसाही नाल्याच्या तोंडावर, काठावरूनच मिळतो.

वेळ तिथीवरून काढा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ. चतुर्दशीला साडेदहा, त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी पावणेपाचला. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप खाली जातं. खाडीत आत आणि तलावात ते आणखी उशिरा उतरतं, म्हणजे पाच ते सहा हा तास आपला. डिसेंबरात नेमकं तेव्हाच कलतं ऊन पश्चिमेकडे उघडणाऱ्या तोंडातून आत शिरतं. अष्टमीला जाऊ नका: संध्याकाळी सहाला भरती, शिवाय भांग, म्हणजे पाणी फार खाली न जाण्याचे दिवस. हिशेब तासभर चुकू शकतो, म्हणून भरतीचं छापील कोष्टक पाहाच.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ 100, एफ 8. बाहेरचा उजेड आणि आतला काळोख एका फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फ्रेम घ्या आणि नंतर जोडा. पाण्याच्या रेघा हव्या असतील तर शटर अर्धा सेकंद उघडं पुरे. चार सेकंदांत फेसाचं दूध होतं आणि प्रवाहाची दिशाच हरवते. आतला पोत दाखवायला टॉर्च कॅमेऱ्याजवळून मारू नका, समोरचा बाष्पाचा पडदा पांढरा होतो. जोडीदाराला काठावरच तीन-चार मीटर बाजूला उभं करून भिंतीवर तिरका झोत टाकायला सांगा. ट्रायपॉडचे पाय गाळात हळूहळू खचतात आणि फ्रेमा जुळत नाहीत. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा.

तिवरं तोडून वाट करू नका, ती संरक्षित आहेत. पावसाळ्यात फक्त पुलावरून काढा: डोंगरात सर पडली की इथे कोरड असतानाही नाला भरून येतो. पायाला जखम असेल तर गमबूट घालूनही जाऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. परतल्यावर आधी साबणाने हात, मग ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी सांध्यात राहिलं तर ते आखडतात.