दुसऱ्या झटक्यानंतर जुना कागद बाजूला ठेवा

पक्षाघाताच्या पहिल्या झटक्यात ह्यांची डावी बाजू गेली. तेव्हा सगळं उजव्या हाताच्या भरवशावर बसवलं होतं: काठी उजव्या हातात, पलंगावरून उतरायचं उजवीकडून, मोरीतला दांडाही उजव्या भिंतीला. दुसऱ्या झटक्याने नेमका तोच हात धरला, आणि मधल्या काळात सुधारलेली डावी बाजू आता बरी ठरली. म्हणून सांगते, जुन्या व्यायामाचा कागद तसाच पुढे चालवू नका. फिजिओला घरी बोलावून नव्याने विचारा: वजन कुठल्या पायावर पेलतंय, पकड कुठल्या हातात आहे? मग त्याप्रमाणे सामान हलवा.

नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत हलवायला जागा ती किती! पलंगाचं तोंड फिरवलं, टीपॉय भाचीकडे गेलं, मोरीत डाव्या भिंतीला दांडा आला. टॉवेलच्या नळीवर विसंबू नका, माणसाचा भार पडला की ती टाइल्ससकट हातात येते. दांडा पक्का बसवून घ्या आणि मिस्त्री जायच्या आत स्वतः लोंबकळून बघा. मी बघितलं, सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

उठवताना दंड धरून ओढायचं नाही, दुबळा खांदा सांध्यातून सरकतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. "पाय मागे घ्या, पुढे वाका, आता उठा" एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. दुसऱ्या खेपेला शरीर लवकर दमतं, म्हणून तासभर व्यायामापेक्षा पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा बरी. आंघोळीनंतर तर नकोच.

खाण्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. दोन्ही बाजूंना झटका बसला की गिळणं बिघडण्याची शक्यता वाढते, आणि घास नव्हे, पाणी-चहाच आधी ठसका लावतात. पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर आला तर स्पीच थेरपिस्टला दाखवा. पाणी-चहा किती घट्ट करून द्यायचा ते तेच ठरवतील. ताठ बसवूनच भरवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका. ठसका न लागताही अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून अधूनमधून ताप येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

पाहुणे आले की हे एकदम रडायला लागतात. दुःखच असतं असं नाही, मेंदूचा लगाम सुटलेला असतो. समजूत घालत बसू नका, विषय बदला. फार होत असेल तर त्यावर औषध असतं.

आणि फ्रिजवर आजची अवस्था लिहून ठेवा. आमच्याकडे लिहिलंय: 'तोंड किंचित डावीकडे ओढलेलं, उजवा हात छातीपर्यंत उचलतो, बोलणं जड पण कळतं.' याहून काही अचानक बिघडलं तर १०८ला फोन. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि वेळ मोजतात ती माणूस शेवटचा नेहमीसारखा दिसला तेव्हापासून. त्याआधी लागणारा सीटी स्कॅन रात्री कुठे चालू असतो, हे आजच फोन करून विचारून त्याच कागदावर लिहा, औषधांच्या नावांसकट.